आधी पाणी कुठून येतं ते पाहा

या वेळी पत्रं पुष्कळ आली आणि बहुतेकांत एकच गोष्ट: मिस्त्रीची मजुरी परवडत नाही, मोबाइलवर बघून काम घरीच करायचं म्हणतो, जमेल का? माझे वडील एरंडोलकडचे गवंडी. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली घमेली उचलली. लग्नानंतर धुळ्यात सत्तावीस वर्षं आम्ही हार्डवेअर आणि रंगाचं दुकान चालवलं. कोणी किती माल नेला, उरलेला कोणी परत आणला आणि वर्षाच्या आत त्याच भिंतीसाठी तोच डबा घ्यायला पुन्हा कोण आलं, हे काउंटरमागून रोज दिसायचं. त्या जोरावर लिहिते. खाली दिलेले भाव धुळे-जळगावकडचे सध्याचे साधारण भाव आहेत. तुमच्या गावी थोडे कमीजास्त असतील.

प्रश्न: चोपड्यात आमचं बैठं घर आहे, १९९८ चं. विटांचं बांधकाम, वर स्लॅब. चार खोल्या मिळून साडेपाचशे फूट. बाहेरच्या खोलीचा रंग खालून तीन फुटांपर्यंत पोपडे होऊन पडतो आणि भिंतीवरून हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा वर्षभरात गेला. या श्रावणात कानबाई (खानदेशातला देवीचा उत्सव) आमच्याकडे आहे, सगळी भाऊबंदकी जमेल. रंगवाल्याने पुट्टी, प्रायमर आणि दोन हात प्लास्टिक पेंट असे मालासकट फुटाला २६ रुपये सांगितले. मोजमाप १,९०० फूट, म्हणजे ४९,४०० रुपये. मिस्टर म्हणतात, आपण दोघं मिळून करू. करावं का?
— एक गृहिणी, चोपडा

ताई, करा. फक्त कानबाईच्या आधी करू नका.

आधी त्या भिंतीचं बोलू. पांढरी भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं आणि सोबत क्षार आणतं. पाणी हवेत उडून जातं, क्षार भिंतीच्या तोंडाशी साचतात, फुगतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. तुमच्या दोन्ही रंगांचा दोष नव्हता. तिसरा कितीही भारी आणलात तरी तोही जाईल. माझे वडील कोणाच्याही घरात शिरले की चहाच्या आधी अहिराणीत म्हणायचे, "पानी कथाईन ई ऱ्हायनं, ते पहिले देखा." म्हणजे, पाणी कुठून येतंय ते आधी पाहा.

ते बघायला पैसे लागत नाहीत. त्या भिंतीच्या बाहेर जाऊन उभ्या राहा. १९९८ नंतर तुमच्या गल्लीत रस्त्याचं काँक्रीट किती वेळा झालं? प्रत्येक वेळी रस्ता चार-सहा इंच वर येतो आणि तेव्हा तीन पायऱ्यांचा असलेला ओटा आज एका पायरीचा होतो. पावसाचं पाणी मग जोत्याला टेकूनच उभं राहतं. भिंतीपलीकडे मोरी किंवा संडास असेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा बघा. काटा हलला तर नळी फुटली आहे. तिसरी परीक्षा अशी: ओल्या जागेवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीतल्या दमट हवेचं काम आहे, त्याला खिडकी उघडी ठेवणं पुरतं.

पाणी बाहेरून येत असेल तर इलाजही बाहेरूनच करायचा. जोत्याला लागून साचलेली माती काढा, पाणी घरापासून दूर जाईल असा उतार द्या, एक छोटी नाली काढा. हे काम फावडं आणि दोन रविवार यांत होतं. आतून वॉटरप्रूफचा लेप मारून घ्यायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मी असे पुष्कळ लेप विकले आहेत. लेपाने पाणी थांबत नाही, ते तीन फुटांऐवजी पाच फुटांवर बाहेर पडतं. त्याऐवजी ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंतचं सुटलेलं प्लास्टर पाडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि झाडलेली भुकटी घराबाहेर टाका. पाण्याने धुवू नका, क्षार विरघळून परत विटेत जातात. मग भिंत तशीच उघडी राहू द्या.

कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, भर पावसाळ्यात. तेव्हा भिंतीत वर्षातली सगळ्यात जास्त ओल असते. त्या ओलीवर प्लास्टिक पेंट चढवणं म्हणजे ओल्या कपड्यांची घडी घालून पेटीत ठेवणं. यंदा त्या खोलीला चुन्याचे दोन पातळ हात द्या. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि खर्च काही शेकड्यांत भागतो. एवढं बघा की जुना प्लास्टिक पेंट पूर्ण खरवडलेला असावा, त्यावर चुना धरत नाही. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे कानबाई छान दिसते. आमच्या माहेरी दुसरा रंग नव्हताच.

खरं रंगकाम ऑक्टोबरच्या उन्हात करा. हिशेब मांडते. जमिनीच्या साडेतीन पट भिंती आणि छत धरलं तर साडेपाचशे फुटांना १,९०० च्या आसपासच येतं, म्हणजे रंगवाल्याचं मोजमाप बरोबर आहे. पुट्टी किलोला बारा फूट जाते. गोणीवर जास्त लिहिलेलं असतं, ते काचेसारख्या सपाट भिंतीचं असतं. म्हणजे चाळीस किलोच्या चार गोण्या, ३,४०० रुपये. प्रायमर वीस लिटर, ३,००० रुपये. पेंट दोन हातांत लिटरला साठ-पासष्ट फूट, म्हणजे तीस लिटर. मधल्या प्रतीचा २५० रुपये लिटर धरला तर ७,५००. पॉलिश पेपर, रोलर, ब्रश, पुट्टीची पट्टी, चिकटपट्टी, मास्क आणि घोडीचं भाडं मिळून २,०००. एकूण १५,९०० रुपये.

हा आकडा बघून हुरळू नका. ४९,४०० मध्ये त्याचा नफा आहे, तसेच त्याच्या माणसांचे दिवस आहेत आणि बिघडलं तर पुन्हा करून देण्याची जबाबदारीही आहे. तुम्ही दोघं संध्याकाळचे दोन-तीन तास आणि रविवार दिलात तर सहा आठवडे लागतील. त्या सहा आठवड्यांत भांडी हॉलमध्ये आणि मुलांची दप्तरं पलंगावर असतील. मिस्टरांना कमाईचा दिवस बुडवून काम करावं लागणार असेल तर बचत तिथेच जाते.

मधल्या दोन वाटा आहेत. पहिली, माल तुम्ही आणायचा आणि फक्त मजुरी उक्ती द्यायची. फुटाला अकरा रुपयांनी २०,९०० मजुरी आणि १३,९०० चा माल, म्हणजे ३४,८००. ब्रश हातात न धरता साडेचौदा हजार वाचले. दुसरी वाट मला जास्त आवडते. खरवडणं, सामान हलवणं, घासणं, प्रायमर आणि रंग तुम्ही करा, पुट्टी मात्र कारागिराला द्या. दोन माणसं, चार दिवस, ८०० रुपये रोज, म्हणजे ६,४०० रुपये. सगळं धरून २२,३०० मध्ये काम होईल. पुट्टीची पट्टी सरळ चालायला हात बसावा लागतो. तिथली लाट रंगाखाली झाकत नाही, उलट संध्याकाळी दिवा लागला की उठून दिसते.

दोन गोष्टी विसरू नका. सिमेंटच्या पुट्टीआधी भिंतीवर पाण्याचा हबका मारा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत तहानलेली भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते आणि मग पुट्टी भुगा होऊन पडते. दुसरी गोष्ट दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटची. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमच्या दारांचा जुना रंग त्याच्या आधीचा असू शकतो. तो कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, मास्क लावा, लहान मुलांना त्या दिवशी मावशीकडे पाठवा आणि घासलेला चिखल कागदात गुंडाळून टाका. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला इजा करते. वाचलेल्या पैशांपेक्षा ही गोष्ट फार मोठी आहे.

प्रश्न: सिमेंटवरचा जीएसटी उतरला म्हणून तीस गोण्या घेऊन ठेवल्या. बांधकाम लांबलं. मध्ये बरेच महिने गेले, आता ते सिमेंट वापरू का?
— शेतकरी, रावेर

भाऊ, २२ सप्टेंबर २०२५ ला कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरं, पण सिमेंट ही साठवून ठेवायची वस्तू नाही. चांगल्या जागी ठेवलं तरी तीन महिन्यांत साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते, पावसाळ्यात त्याहून जास्त. गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते बघा. आत हात घाला. थंड आणि पिठासारखं लागलं तर जोडाईच्या किंवा प्लास्टरच्या कामाला चालेल. बोटांनी न फुटणारे खडे असतील तर टाकून द्या. स्लॅब, बीम, कॉलमला यातली एकही गोणी लावू नका, त्याला ताजी आणा. आणि पुढच्या वेळी गोण्या फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, दहापेक्षा उंच थप्पी लावू नका.

प्रश्न: मी रेल्वेतून निवृत्त. भुसावळला दुमजली घर. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात बसवत नाही आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यातून स्लॅब गळतो. स्लॅबवर पंधरा वर्षांपूर्वीचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) आहे. एकाने सांगितलं, त्यावर नवा कोबा टाका. दुसरा केमिकल कोटिंगचे फुटाला ४५ रुपये म्हणतो, ८०० फुटांचे ३६,००० होतात. माझ्याकडे वेळ आहे, हातपाय धड आहेत. मी करू शकतो का?
— भुसावळ

दादा, या पत्राने मला बरं वाटलं. वेळ असणारा माणूस हेच या कामाचं सगळ्यात मोठं भांडवल आहे.

कोब्यावर कोबा टाकू देऊ नका. सरासरी चार इंच जाडीच्या कोब्याचं वजन फुटाला सतरा-अठरा किलो भरतं. ८०० फुटांवर ते १४ टन होतं. एवढं वजन तुमचा स्लॅब आधीच पंधरा वर्षं उचलतो आहे. त्यावर आणखी तेवढंच ठेवायचं तर आधी इंजिनिअरकडून स्लॅब आणि बीम तपासून घ्यायला हवेत. जुना कोबा पूर्ण पोकळ वाजत असेल तर तो काढून नवा टाकणं हे कारागिराचं काम आहे. तुम्ही तो फोडायला जाऊ नका, पहार स्लॅबच्या सळईपर्यंत कधी पोचली ते कळत नाही.

आधी गळतीचा उगम शोधा. पाणी ज्या कोपऱ्यात टपकतं तिथेच शिरतं असं नाही, ते स्लॅबमधून दहा फूट चालतही येतं. गच्चीच्या पन्हळी बंद करा, दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास उभं ठेवा आणि खालून खडूने ओलीची रेघ आखत राहा. पन्हळीचं तोंड, पाण्याच्या टाकीचे ओटे आणि कठडा-स्लॅबचा सांधा, या तीन जागी बहुतेक वेळा सापडतं. भुसावळला मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. स्लॅब दिवसभर तापून ताणतो आणि रात्री आकसतो. कठडा वेगळा तापतो, वेगळा आकसतो. म्हणून फट तिथे पडते. पाणी टेकून राहू नये म्हणून त्या सांध्यात मसाल्याची गोलाई द्यावी लागते, काही मिस्त्री तिला वाटा म्हणतात. बांधकाम घाईत झालं की हीच गोलाई राहून जाते.

कोबा घट्ट असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर कोटिंग तुम्ही स्वतः करू शकता. तारेच्या ब्रशने शेवाळ काढा, धुवा, दोन दिवस वाळू द्या. प्रत्येक चीर छिन्नीने थोडी रुंद करून साफ करा आणि पॉलिमरच्या मसाल्याने भरा. सांध्यांवर फायबरची जाळी बसवून दोन हात द्या, मग सगळ्या गच्चीवर दोन हात. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने ओढायचा. दोन हातांत लिटरला वीस-बावीस फूट धरा, म्हणजे वीस लिटरच्या दोन बादल्या. बादली चार ते साडेसहा हजारांना येते. जाळी, मसाला, ब्रश धरून पंधरा हजारांच्या आसपास काम होईल.

हे सगळं संध्याकाळी पाचनंतर किंवा पहाटे करायचं. तापलेल्या स्लॅबवर कोटिंगची वरची साय लगेच धरते आणि खालचा ओलावा अडकून फोड येतात. आमच्या दुकानात "माल खराब दिला" म्हणून जी बादली परत यायची, ती बहुतेक दुपारी लावलेली असायची. एकट्याने गच्चीवर उन्हात चढू नका, एवढं माझं ऐका.

कोटिंग पांढरंच घ्या. पांढरी गच्ची ऊन परत फेकते, खालच्या खोलीत रात्री झोप लागते. एवढा खर्च यंदा जमणार नसेल तर गळतीची जागा तेवढी दुरुस्त करा आणि बाकीच्या गच्चीला आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी चुना द्या. चुनकळी विकत आणलीत तर लोखंडी पिंपात भिजवा, प्लास्टिकच्या बादलीत कधीही नको, पाणी अक्षरशः उकळतं. डोळ्यांना चष्मा लावा. दरवर्षी पावसात तो धुऊन जाईल, पुन्हा द्यावा लागेल.

प्रश्न: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे. घर सात वर्षांचं, शेताला लागून, काळ्या मातीत. दरवर्षी भरतो, दरवर्षी पडते.
— शिरपूर तालुका

काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. मेमध्ये तुमच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती तुमच्या पायाखालीही आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. मधोमध काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवा. काच तडकली तर भेग चालू आहे. उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल तर दोष मातीचा, आणि ती कडक सिमेंटने भरून काही होणार नाही. घराभोवतीच्या मातीतली ओल वर्षभर सारखी राहील असं करा. जोत्याला लागून तीन फूट रुंद मुरमाची पट्टी, वर फरशी किंवा काँक्रीट, बाहेर उतार. भांड्याचं पाणी आणि कूलरचं पाणी भिंतीशी सोडू नका. भिंतीला लागून मोठं झाड असेल तर ते उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढतं. पट्टीचं काम घरचे लोक करू शकतात. भेग पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, वर्षागणिक वाढत असेल किंवा बीम-कॉलममध्ये असेल तर हात लावू नका, इंजिनिअरला दाखवा.

प्रश्न: मी चोवीस वर्षांचा, नंदुरबारला नवीन खोली बांधली आहे. वायरमनने मजुरीचे १८,००० सांगितले. व्हिडिओ बघून मला सगळं समजलं आहे. घरच्यांना भीती वाटते. तुम्ही त्यांना समजवा.
— नंदुरबार

बाळा, मी तुझ्या घरच्यांच्या बाजूची आहे.

कारण सांगते. आमच्या घरात एका मे महिन्यात मी कूलरमध्ये पाणी भरत होते. पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती आणि पूर्ण कूलरमध्ये करंट उतरला होता. हात ओला, पाय ओले. मी फेकली गेले म्हणून वाचले, चिकटले असते तर हे लिहायला नसते. नंतर उघडून बघितलं तर अर्थिंगची वायर बोर्डात नुसती एका खिळ्याला गुंडाळलेली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. दिवे लागत होते, पंखे फिरत होते, नऊ वर्षं कोणाला कळलं नाही. वायरिंगमधली चूक अशी असते. रंग बिघडला तर डोळ्यांना दिसतो. इथली चूक भिंतीत गप्प बसते आणि ज्या दिवशी बाहेर येते त्या दिवशी माणूस नेते.

म्हणून वायर ओढणं, जोडणं आणि बोर्ड हे परवानाधारक माणसाकडूनच. त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घे: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच), खरा अर्थिंगचा खड्डा, आणि कूलर-गिझरच्या पॉइंटला जाड वायर. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम चालते, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच किंवा चारची. आरसीसीबी आला की त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम तुझं.

तुझे हात रिकामे राहणार नाहीत. कुठे पलंग, कुठे टेबल, कुठे फ्रिज हे ठरवून भिंतीवर खडूने पॉइंट आख. निम्म्या घरांत हे न ठरवल्यामुळे नंतर एक्स्टेंशन लोंबकळतात. माल स्वतः चार दुकानांत भाव करून आण. त्याने आखून दिल्यावर पाइपाच्या खाचा तू मार, पण उभ्या मार. वजन पेलणाऱ्या भिंतीत लांब आडवी खाच मारली की भिंत तिथे कमजोर होते. त्या मजुरीचे तीन-चार हजार तो कमी करेल, आधी बोलून घे. आणि खोलीचं प्लास्टर झालं की त्याला पाणी मारायचं काम दुसऱ्या कोणावर सोपवू नकोस. सात दिवस, आपल्या उन्हात दहा, दिवसातून तीन-चार वेळा. मजूर सहाला घरी जातो, भिंत रात्रभर वाळत राहते. तराई नीट झाली तर तेवढ्याच सिमेंटचं प्लास्टर कितीतरी टणक होतं, आणि त्याला फक्त पाणी आणि घरचं माणूस लागतं.

अर्थिंगच्या खड्ड्यातही उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी टाक. माती कोरडी झाली की अर्थिंग नीट काम करत नाही, आणि कूलर नेमका तेव्हाच चालू असतो.

प्रश्न: साक्री तालुक्यातल्या गावी आमचं धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर आहे, आजोबांनी बांधलेलं. मी सुरतेला नोकरीला. वडील गेले, आई एकटी राहते. दोन पावसाळे धाबं गळतं आहे. सगळे सांगतात पाडून स्लॅबचं बांधा, नऊ लाखांचा अंदाज आला आहे. आई म्हणते, हे घर थंड आहे, मला इथेच राहू द्या. माझी ऐपत कर्ज काढण्यापुरती आहे. पाडावं का?
— सुरत

भाऊ, आईचं म्हणणं भावनेपोटी आहे असं समजू नका. मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, एवढं जाड अंग तापायला अख्खा दिवस लागतो. नऊ लाखांच्या स्लॅबखाली तिला कूलर लावावा लागेल, कूलरला पाणी लागेल, आणि तुमच्या भागात मेमध्ये पाणी कुठून आणायचं हे तुम्हाला माहीत आहे.

पाडायचं की ठेवायचं हे लाकडावर ठरेल. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा. तुळया आणि कड्या (छपराची आडवी लाकडं) जिथे भिंतीत शिरतात ती टोकं टोचून बघा. पाणी आणि वाळवी दोन्ही तिथेच लागतात. जुनं सागवान असेल आणि टोक कडक लागलं तर घर अजून उभं राहील. स्क्रू-ड्रायव्हर लोण्यासारखा आत गेला तर त्या खोलीत आईला झोपू देऊ नका, त्याच दिवशी खाली टेकू लावून सुतार बोलवा. एक-दोन कड्या बदलाव्या लागल्या तरी तो खर्च नऊ लाखांच्या जवळपासही जात नाही.

मग धाबं. बहुधा असं झालं असेल: वडील होते तोवर मृगाच्या आधी दरवर्षी खारी माती टाकली जात होती, ते गेल्यावर कोणी टाकली नाही. खारी पावसात दबून बसते आणि पाणी आत जाऊ देत नाही, म्हणून ती शोधून आणतात. पण जुनी न काढता दरवर्षी नवी टाकत गेलं की थर हातभर होतो आणि कड्या वाकतात. आधी वरची सुटलेली माती उतरवा, उगवलेलं गवत मुळासकट काढा, मग नवी खारी पसरून चोपा आणि उतार पन्हळीकडे काढा. उंदरांची बिळं दिसली तर ती आधी बुजवा, मी पाहिलेल्या गळत्यांपैकी कित्येक तिथूनच होत्या. हे काम तुम्ही, एक चुलतभाऊ आणि गावातला एक जाणता म्हातारा मिळून चार दिवसांत करू शकता. जाणता म्हातारा मात्र हवाच. खारी कुठल्या नाल्याकाठची चांगली, हे त्यालाच माहीत असतं.

दरवर्षी येणं जमणार नसेल तर धाब्याच्या वर हातभर मोकळी जागा सोडून लोखंडी सांगाड्यावर पत्रा टाका. पाऊस पत्रा झेलेल, ऊनही पत्राच झेलेल, मधून वारा वाहील आणि धाबं खाली थंड राहील. सांगाड्याचे पाय धाब्यावर ठेवू नका, भिंतीबाहेरून खांब घ्या.

बाहेरून भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करायचा सल्ला गावातला कोणीतरी देईलच. करू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट चढलं की आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाट राहत नाही, दोन-तीन वर्षांत प्लास्टर ढलपीसारखं सुटतं आणि सोबत मातीही घेऊन येतं. माती, गव्हाचा भुसा आणि शेण आठ दिवस भिजवून त्याचा गिलावा द्या. आईला प्रमाण ठाऊक असेल, तिला ओट्यावर बसवून विचारा.

तुळयांची टोकं बघितल्यावर मला पत्र पाठवा. किती तुळया, किती कड्या, टोकं कशी निघाली, थर किती जाड आहे, एवढं लिहा. पुढच्या अंकात लाकडाचा आणि पत्र्याचा हिशेब मांडून देते, म्हणजे मृगाच्या आधी काम उरकेल.